एका पिशवीतले पाच कागद : शहाद्यातल्या एका सिकलसेल प्रकरणाचा अभ्यास

पिशवी बियाण्याच्या दुकानातली होती, कपाशीचं बोंड छापलेली. आत पाच कागद होते, चार-चार घड्या घातलेले, कडा पावसानं ओल्या झालेल्या. आईनं पिशवी टेबलावर ठेवली आणि पोरीला माझ्यापुढे धरलं. आमच्या सिस्टरनं पापणी खाली ओढून बघितली आणि घाबरून अहिराणीतच बोलली, "मॅडम, पोर भलती पांढरी पडी जायेल शे."

मुलगी वीस महिन्यांची. वजन साडेआठ किलो. तळहाताच्या रेषाही पांढऱ्या पडलेल्या. नाडी मिनिटाला १८० च्या वर, श्वास भराभर, पोट डावीकडून फुगलेलं. हात ठेवला तर प्लीहा, म्हणजे जुनी माणसं जिला पानथरी म्हणतात ती, बरगडीखालून थेट बेंबीपर्यंत आलेली. हिमोग्लोबिन ३.२. सकाळी दूध पीत होती, दुपारी मलूल झाली आणि संध्याकाळपर्यंत ही अवस्था, असं आई सांगत होती. घाट उतरून शहाद्यापर्यंत यायला त्यांना पाच तास लागले होते.

ही मुलगी मी पहिल्यांदा बघत नव्हते. दोनच महिन्यांपूर्वी, जूनमध्ये, ती माझ्याकडे येऊन गेली होती. पिशवीतला एक कागद माझ्याच हातचा होता. म्हणून हे प्रकरण मी लिहिते आहे. आजार सिकलसेल : आईवडिलांकडून येणारा, रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत; आजाराचा आणि उपचारांचा क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे.

त्या रात्री काय झालं

सातपुड्यात पांढरं पडलेलं मूल आणि मोठी प्लीहा म्हटलं की डोक्यात पहिला मलेरिया येतो, आणि ऑगस्टमध्ये तर यायलाच हवा. रॅपिड टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. ऑक्सिजन लावला, शीर मिळवली, रक्ताचे नमुने काढून ठेवले. नंदुरबारच्या ब्लड बँकेला फोन करून गाडी पाठवली. मग गावातल्या दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना बोलावलं. त्यांचा दवाखाना माझ्यापासून चार गल्ल्यांवर आहे. इतक्या वर्षांत आम्ही लग्नकार्यात भेटत होतो, पण एका पेशंटच्या खाटेजवळ दोघं मिळून असे कधी उभे राहिलो नव्हतो.

मी पोरीजवळ होते, तेव्हा ते टेबलापाशी बसून एकेक कागद उलगडत होते. त्यांचं बालपण नवापूरकडचं, त्यामुळे गुजराती त्यांना मराठीइतकीच येते. दुसरा कागद वाचून ते उठले आणि माझ्यापुढे धरला.

"ताई, हे वाचलं होतं का तुम्ही? फेब्रुवारीत हिला रक्त चढवलंय. दोन वेळा."

तो दक्षिण गुजरातमधल्या एका रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद होता. मी वाचला नव्हता. जूनमध्येही तो याच पिशवीत होता.

त्यांनी त्याच्याशेजारी तिसरा कागद ठेवला. मार्चमधल्या तपासणी शिबिरानंतर आलेला एचपीएलसीचा, म्हणजे रक्तात कुठलं हिमोग्लोबिन किती ते मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट : हिमोग्लोबिन ए (नेहमीचं) ४६ टक्के, एस (सिकलचं) ३८ टक्के, एफ (गर्भात असतानाचं) १२ टक्के. खाली शेरा, 'सिकलसेल वाहक', म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेली, स्वतः आजारी नसलेली. दोन्ही कागदांवरच्या तारखा आम्ही मोजल्या. रक्त चढवल्यावर जेमतेम अठरा दिवसांनी हा नमुना घेतला होता.

म्हणजे त्या ४६ टक्क्यांतलं 'ए' तिचं नव्हतंच. ते रक्तदात्याचं होतं. मुलगी वाहक नव्हती, रुग्ण होती, आणि आम्ही सगळे पाच महिने तिला वाहक समजून चाललो होतो.

रक्त यायला अडीच तास लागले. तोवर आम्ही ठरवून ठेवलं होतं की बाटली भराभर संपवायची नाही. सिकलच्या मुलांमध्ये प्लीहा अचानक रक्त साठवून घेते तेव्हा अंगातलं रक्त कुठे वाहून गेलेलं नसतं, ते प्लीहेत अडकलेलं असतं. वरून रक्त मिळालं की प्लीहा अडकवलेलं रक्त हळूहळू सोडायला लागते आणि हिमोग्लोबिन हिशेबापेक्षा जास्त वर जातं. भराभर जास्त रक्त दिलं तर रक्त घट्ट होऊन वेगळंच संकट उभं राहतं. म्हणून किलोमागे ५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४५ मिलिलिटर पॅक्ड सेल (रक्तातल्या वेगळ्या काढलेल्या तांबड्या पेशी), सावकाश. सोबत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक, कारण अशा मुलांच्या प्लीहेचा जंतूंशी लढण्यात फारसा उपयोग राहिलेला नसतो. प्लीहेची खालची कड सहकाऱ्यांनी बॉलपेननं पोटावर आखून ठेवली आणि दर तासाला आम्ही ती तपासत राहिलो. पहाटे चारला प्लीहा त्या रेषेच्या दोन बोटं वर सरकलेली होती. सकाळी हिमोग्लोबिन ५.९. एवढ्याशा रक्तानं ते एरवी इतकं चढलं नसतं.

तेव्हा मुलगी आईकडे बघून रडली. रडण्याइतकी ताकद आली म्हणून आम्ही दोघं खुर्चीत बसलो.

नंतर तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं, पण आधी तिथल्या बालरोगतज्ज्ञांशी मी दहा मिनिटं फोनवर बोलले. रक्त देण्यापूर्वी काढलेला नमुना एचपीएलसीला गेला होता. त्यात एस ७२, एफ २४, आणि ए नाहीच. आईवडील दोघंही वाहक निघाले. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते आणि वाहक होण्याची निम्मी. हा हिशेब त्यांना कुणीही सांगितलेला नव्हता. हिच्या आधीचा एक मुलगा दोन वर्षांचा असताना तापानं 'एका रात्रीत' गेला होता. ही गोष्ट पाचांपैकी एकाही कागदावर नव्हती. आशाताईनं पावरी बोलीत विचारलं तेव्हा ती बाहेर आली.

पाच कागद तारखेनं लावले तेव्हा

सप्टेंबरमध्ये, पोळा आटोपल्यावर, आम्ही सात जण एका रविवारी दोंडाईच्यात एका सहकाऱ्याच्या घरी जमलो. शहादा, तळोदा, नंदुरबार, दोंडाईचा इथले बालरोगतज्ज्ञ आणि धडगावकडचे एक तरुण वैद्यकीय अधिकारी. गुजरातच्या हद्दीतले एक डॉक्टर फोनवर होते. आईची परवानगी घेऊन, नावं झाकून, पाचही कागदांच्या झेरॉक्स मी टेबलावर तारखेनं मांडल्या.

एक नियम आधीच ठरला होता : 'कुणाचं चुकलं' हा शब्द काढायचा नाही. फक्त एवढंच विचारायचं की त्या दिवशी समोरच्या डॉक्टरला काय माहीत होतं आणि काय माहीत असायला हवं होतं. हा नियम मला पुस्तकी वाटला होता. पण माझा कागद वाचायची वेळ आली तेव्हा त्याचा अर्थ कळला. वाचायला मी आधी माझाच कागद घेतला. माझ्या आधी दुसऱ्या कुणाचा वाचला असता, तर पुढचं कुणीच मोकळेपणानं बोललं नसतं.

माझ्या कागदावर, म्हणजे तारखेनं चौथ्यावर, होतं : ताप, पाय दुखतात, हिमोग्लोबिन ७.८, सिकल वाहक, प्रतिजैविक आणि लोहाचं सिरप. 'सिकल वाहक' आणि '७.८' हे दोन्ही शब्द मी एकाच ओळीत लिहिले होते, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत हे मला खटकलं नव्हतं. वाहकाचं हिमोग्लोबिन सिकलमुळे कमी होत नाही. कमी असेल तर दुसरं कारण शोधायचं, नाहीतर रिपोर्टवर संशय घ्यायचा. मी लोहाची कमतरता धरली आणि पुढच्या पेशंटकडे वळले. त्या दिवशी बाहेर चाळीस जण बसले होते हे खरं आहे, पण ते कारण नव्हे. 'हिला कधी रक्त चढवलंय का', हा पाच शब्दांचा प्रश्न मी विचारला नाही.

तारखेनं पहिला कागद आदल्या सप्टेंबरचा. मुलगी नऊ महिन्यांची, दोन्ही हात आणि पावलं सुजलेली, ताप. जंतुसंसर्ग म्हणून औषध दिलं, आठवड्यात सूज उतरली. उतरणारच होती. सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या सिकलच्या मुलांत हातापायांच्या लहान हाडांचा रक्तपुरवठा अडतो आणि दोन्हीकडे अशी सूज येते. बऱ्याचदा आजाराची ओळख पटवणारी ही पहिली खूण असते. भिल्ल किंवा पावरा कुटुंबातलं, वर्षाच्या आतबाहेरचं मूल, दोन्ही हात-पाय सुजलेले : एवढ्यावर आपल्या भागात सिकलची तपासणी व्हायलाच हवी. तो कागद लिहिणारे डॉक्टर त्या बैठकीत नव्हते. आम्हीही त्यांच्याविषयी काही बोललो नाही, कारण तो रुग्ण पुन्हा त्यांच्याकडे गेलाच नाही आणि पुढचं त्यांना कळायला मार्गच नव्हता.

दुसरा कागद गुजरातचा. दिवाळी झाली की आपल्या डोंगरातली कुटुंबं ऊसतोडीला बारडोली, सुरतकडे जातात आणि होळीला परत येतात. फडावर जानेवारी-फेब्रुवारीची थंडी, उघड्यावरचं झोपणं, अपुरं पाणी. सिकलच्या मुलाला त्रास व्हायला हे सगळं पोषकच. तिथे हिमोग्लोबिन ४.१ आलं, निमोनिया होता, दोन वेळा रक्त दिलं आणि जीव वाचवला. त्यांनी काम चोख केलं होतं. कागदावर गुजरातीत सगळं लिहिलंही होतं. इकडे तो कुणाला वाचता आला नाही.

तिसरा, एचपीएलसीचा रिपोर्ट. यंत्र चुकलं नव्हतं. नमुन्यात जे होतं तेच त्यानं मोजलं. नमुना पाठवायच्या फॉर्मवर 'रक्त चढवलं आहे का' हा रकाना नव्हता, आणि शिबिरात रांगेनं शंभर मुलं उभी असताना तो प्रश्न कुणाला सुचणार? रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबून तपासणी करायची, आणि थांबणं शक्य नसेल तर आईवडिलांची करायची. आम्हा सगळ्यांना हे पाठ आहे. पण ज्यांना ते पाठ होतं त्यांच्यापर्यंत तारीख पोचली नाही, आणि ज्यांच्याकडे तारीख होती त्यांना रिपोर्ट दिसला नाही.

पाचवा कागद लसीकरणाचा. न्यूमोकोकलची, म्हणजे निमोनियासारखे संसर्ग करणाऱ्या जंतूवरच्या लसीची, नवव्या महिन्याची मात्रा राहिलेली. ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं राष्ट्रीय कार्यक्रमात आली आणि २०२१ पासून देशभर दिली जाते. हिच्यासारख्या मुलांना तिची गरज सर्वांत जास्त, आणि नेमकी फडावर जाणाऱ्या मुलांची तिसरी मात्रा चुकते.

बोलता बोलता दुपारचे दोन वाजले. शेवभाजी गार झाली. मला त्या टेबलावर जे दिसलं ते असं : पाच ठिकाणी पाच जणांनी आपापल्या समोरचं काम केलं होतं, आणि मूल त्या पाच कामांच्या मधल्या जागेत मरता मरता राहिलं होतं. त्या जागेचा डॉक्टर कुणीच नव्हतं.

आपल्याकडचा सिकल सौम्य असतो, या समजुतीबद्दल

बैठकीत यावर मतभेद झाले. आमच्यातल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं असं की भारतातल्या सिकलरुग्णांत हिमोग्लोबिन एफ जास्त असतं, म्हणून आजार आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य जातो आणि उगाच घबराट नको. एफ जास्त असतं हे खरं आहे, या मुलीचंच २४ होतं. पण विदर्भातल्या, विशेषतः नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं मुलं जवळून बघून दाखवून दिलं आहे की वेदनेचे झटके, रक्त चढवायची वेळ, जंतुसंसर्ग या सगळ्या गोष्टी आपल्याकडेही होतात. हायड्रॉक्सियुरिया या सिकलचा त्रास कमी करणाऱ्या औषधाचा किलोमागे १० मिलिग्रॅमचा कमी, ठरावीक डोस आपल्या मुलांना लागू पडतो, हेही नागपूरच्याच चाचणीतून पुढे आलं. आपल्याच राज्यातल्या सहकाऱ्यांनी आपल्याच मुलांवर केलेलं हे काम खान्देशात आम्ही किती जण वापरत होतो? सातांपैकी दोन.

पेनिसिलीनचंही तसंच. १९८६ साली अमेरिकेत लहान सिकलरुग्णांवर झालेल्या चाचणीत रोज दोन वेळा पेनिसिलीन दिल्यानं न्यूमोकोकलचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका उघड होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. तीन वर्षांखालच्या मुलाला १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पुढे पाच वर्षांपर्यंत २५०. इतकं साधं औषध, आणि आमच्या गावातल्या एकाही मेडिकलवर ते मिळत नव्हतं, कारण कुणी लिहितच नव्हतं. आणि मिळत नाही म्हणून कुणी लिहीत नव्हतं. एकट्या डॉक्टरनं लिहून हे चक्र सुटत नाही. सात जणांनी एकाच आठवड्यात लिहायला सुरुवात केली तेव्हा दुकानदारानं माल मागवला.

देशाच्या नकाशावर महाराष्ट्राचे आकडे बरे दिसतात. २०२० च्या नमुना नोंदणीत देशाचा अर्भकमृत्यूदर, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचा दर, हजारी २८ आणि महाराष्ट्राचा १६ होता. पण १६ ही सरासरी आहे, आणि मुंबई-पुण्याच्या मुलांनी ती खाली आणली म्हणून सातपुड्यातल्या अक्राणीतलं मूल वाचत नाही. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. तपासणी मोठी गोष्ट आहे. पण तपासणीतून हाती येतो तो एक कागद, आणि कागदाचं काय होतं ते मी वर लिहिलं आहे.

आम्ही काय बदललं

सगळ्यांत आधी एक रबरी शिक्का बनवून घेतला. 'रक्त चढवलं आहे का? शेवटचं कधी?' सिकलच्या कुठल्याही तपासणीच्या चिठ्ठीवर तो मारायचा आणि ओळ भरल्याशिवाय नमुना द्यायचा नाही. शिक्क्याला खर्च जवळपास काही नाही. माझ्या मते या सगळ्या प्रयत्नात सर्वांत जास्त काम त्या शिक्क्यानंच केलं आहे.

मग एक कार्ड. जाड पुठ्ठ्याचं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तोच मजकूर गुजरातीत. वरच्या ओळीत शेवटचं रक्त कधी चढवलं. त्याखाली एरवीचं हिमोग्लोबिन, एरवी प्लीहा किती बोटं लागते, पेनिसिलीन सुरू आहे का, न्यूमोकोकलच्या किती मात्रा झाल्या. शेवटी दोन फोन नंबर, एक हद्दीच्या अलीकडचा आणि एक पलीकडचा. 'एरवीचं' या शब्दावर आम्ही बराच वेळ घालवला. सिकलच्या मुलाचं एरवीचं हिमोग्लोबिन ८ असेल तर ८ बघून रक्त द्यायची घाई नको, आणि तेच ५ वर आलं तर थांबायचं नाही. नवीन डॉक्टरला हे कळायला दुसरा मार्ग नाही.

फोनचा नियमही ठरला : आधी फोन, मग गाडी. मूल पुढे पाठवायचं तर ज्याच्याकडे पाठवतोय त्याच्याशी स्वतः बोलायचं. सिस्टरनं किंवा ड्रायव्हरनं निरोप दिलेला चालणार नाही. सहज वाटतं, पण सर्वांत जड हेच गेलं, आणि त्यामागचं कारण उघडपणे लिहायला हवं. खाजगी व्यवसायात एक भीती असते की पाठवलेला पेशंट परत येत नाही. पुढचा डॉक्टर तो ठेवून घेतो. या भीतीपोटी काही मुलं दोन दिवस उशिरा पाठवली जातात. काहींच्या सोबतच्या चिठ्ठीवर दोनच ओळी असतात. दोंडाईच्यात हे पहिल्यांदा तोंडावर बोललं गेलं. एका सहकाऱ्यानं सरळ सांगितलं, "मी पाठवलेली तीन पोरं तुमच्याकडेच राहिली, नाना. मला एक ओळीची चिठ्ठीसुद्धा आली नाही." नाना, म्हणजे आमच्यातले तेच ज्येष्ठ, क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं." त्या दिवशी ठरलं की ज्यानं पाठवलं त्याच्याकडे मूल परत जाणार, सोबत लेखी निरोपासह. पैशाचा व्यवहार कुठल्याच बाजूनं नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना १९६३ पासून आहे, तिच्या शाखा जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत, अधिवेशनं होतात, मी जाते, शिकून येते. तिनं बांधलेली शिस्त नसती तर आम्हाला एकत्र बसायचं सुचलंही नसतं. तरी चाळीस किलोमीटरच्या आतल्या दोन डॉक्टरांनी एकमेकांचं अक्षर वाचावं, हे काम कुठलीही संघटना वरून करू शकत नाही. ते दोघांनीच करायचं असतं.

व्हॉट्सअ‍ॅपचा गटही केला. नाव-गाव टाकायचं नाही, फक्त कार्डाचा नंबर. सुरुवातीला त्यात सुप्रभातचे निरोप यायला लागले, ते थांबवले. रविवारी कोण फोन घेणार याचं वेळापत्रक मात्र टिकलं नाही. तीन महिन्यांत मोडलं. कुणाच्या घरी लग्न, कुणाची स्वतःची मुलं दहावीला. आता रविवारी ज्याला जमेल तो घेतो, आणि कधी कधी कुणीच घेत नाही. एक सहकारी गटातून बाहेर पडले. परतीच्या चिठ्ठ्या दोन जण अजून नियमित पाठवत नाहीत. हे सुटलेलं नाही.

आईचा हात

यातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, आणि ती आमची नाही. जमैकात चाळीसेक वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सिकलच्या मुलांच्या आयांना प्लीहा हातानं तपासायला शिकवलं. प्लीहा मोठी झाल्याचं आया लवकर ओळखू लागल्या आणि त्या संकटात दगावणारी मुलं खूप कमी झाली. मग आपल्या पाड्यावरच्या आईला का येऊ नये?

रुग्णालयातून घरी जायच्या आधी मुलगी आणि आई दोन दिवस माझ्याकडे राहिल्या. मी आईचा उजवा हात धरून पोरीच्या पोटावर ठेवला. बोटं आडवी, बेंबीच्या खालून सुरुवात, हळूहळू वर, डाव्या बरगडीकडे. पोरगी श्वास घेते तेव्हा आतून काहीतरी येऊन बोटांना टेकतं. पहिल्या दिवशी तिला ते सापडेना. ती हात काढून घ्यायची आणि हसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात थांबला. चेहरा बदलला. आशाताईला ती पावरीत काहीतरी म्हणाली. आशाताईनं सांगितलं, "म्हणते, भाकरीच्या कडेसारखं लागतं."

यापेक्षा चांगलं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. तेव्हापासून आमच्या गटातले सगळे आयांना असंच शिकवतात : भाकरीची कड बोटाला कुठे लागते ते रोज अंघोळीच्या वेळी बघ. दोन बोटांवर होती आणि चार बोटांवर आली, पोरगी पांढरी दिसली, किंवा अंग तापलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

दिवाळी ते होळी

दिवाळीनंतर ते कुटुंब पुन्हा ऊसतोडीला गेलं. जाऊ नका, असं म्हणणं सोपं होतं, पण मुकादमाची उचल घेतलेली होती आणि मुलगी अंगावर पीत होती. तीन महिन्यांच्या पेनिसिलीनच्या गोळ्या, फॉलिक अ‍ॅसिड, कार्ड, राहिलेली लस देऊन आम्ही त्यांना पाठवलं. पलीकडच्या डॉक्टरांना फडाचं गाव आणि टोळीच्या मुकादमाचा नंबर कळवून ठेवला.

जानेवारीत एका सकाळी साडेसहाला मुकादमाच्या फोनवरून वडील बोलले. एरवी ते माझ्यासमोर एक शब्द बोलत नसत. "मॅडम, कड खाली आली. चार बोटं." मी पलीकडे फोन लावला. दहा वाजता मुलगी त्यांच्या टेबलावर होती. हिमोग्लोबिन ५.१. ऑगस्टमध्ये ते ३.२ वर पोचेपर्यंत आम्हाला कळलं नव्हतं. त्यांनी कार्डावरचं एरवीचं हिमोग्लोबिन बघितलं, ५० मिलिलिटर सावकाश दिलं, तीन दिवस ठेवलं आणि सोडलं. कार्डाच्या वरच्या ओळीत गुजरातीत नवी तारीख आली. दुपारी कार्डाचा फोटोही आला.

ज्याच्या प्लीहेनं एकदा असं केलं त्या मुलात ते पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे पुढे प्लीहा काढायची का हा प्रश्न आमच्यापुढे आहे. लहान वयात काढली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ठेवली तर तिसरी वेळ कुठे आणि कुणाच्या हातात येईल ते सांगता येत नाही. यावर आम्ही मोठ्या रुग्णालयातले बालशल्यचिकित्सक आणि पलीकडचे डॉक्टर मिळून बोलतो आहोत. अजून ठरलेलं नाही.

मार्चमध्ये होळीआधीचा भोंगऱ्या बाजार भरला, डोंगर ढोलाच्या आवाजानं जागा झाला, आणि ते कुटुंब परत आलं. मुलगी आता सव्वादोन वर्षांची, वजन दहा किलोच्या वर. आम्ही रक्ताच्या तपासण्या करून हायड्रॉक्सियुरिया सुरू केलं. तिच्या आईला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, दुसरा महिना. गर्भातल्या बाळाची सिकलसाठी तपासणी करता येते, कुठे, केव्हा, त्यातून काय निघू शकतं आणि त्यानंतर निर्णय त्यांचाच कसा, हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आशाताई यांच्यासोबत बसून आम्ही दोन तास समजावलं. त्यांनी विचार करायला आठवडा मागितला.

जाताना आईनं पिशवी उघडली. तीच, कपाशीच्या बोंडाची. आत कार्ड होतं आणि जुने पाचही कागद नीट सपाट करून ठेवलेले. तिनं कार्ड माझ्या हातात दिलं आणि वरच्या ओळीवर बोट ठेवून थांबली, मी वाचेपर्यंत.